दरमहा 3,000 रुपये फँटसी क्रिकेटला लावू का?

प्रश्न: वय 28, भांडुपला आईवडिलांसोबत राहतो, नोकरी अंधेरीत, हातात पगार 42,000. क्रेडिट कार्डाचे 38,000 थकलेत, दर महिन्याला किमान रक्कम भरतो. बचत 25,000. क्रिकेट चांगलं कळतं. आपल्याकडच्या अ‍ॅपवर पैशांच्या स्पर्धा बंद झाल्या, म्हणून ऑफिसमधल्या मित्राने परदेशी साइटची लिंक दिली आहे. आयपीएलपासून महिना 3,000 लावून सुरुवात करू का?

उत्तर: नको. आधी त्या लिंकबद्दल बोलू, कारण मोठा धोका तिथे आहे.

फँटसी, म्हणजे खऱ्या सामन्यातल्या खेळाडूंची टीम लावून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवणं, हा कौशल्याचा खेळ आहे, असं पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं होतं. त्याच आधारावर ही अ‍ॅप्स वाढली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात तो भेदच ठेवलेला नाही: कौशल्य असो की नशीब, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची ने-आण करून देणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा ‘आपल्याला काही होत नाही’ असं मित्र म्हणत असेल, तर तुरुंगापुरतं त्याचं बरोबर आहे. बँकेचं काय, ते त्याने सांगितलेलं नाही.

अशा साइटवर पैसे भरताना सहसा कंपनीचं नाव दिसत नाही. भलत्याच कुणाच्या खात्याचा क्यूआर येतो, थोड्या वेळाने दुसऱ्याचा. जिंकलेली रक्कमही अशाच भाड्याच्या खात्यातून येते. त्या खात्यात कुणा फसवलेल्या माणसाचे पैसे फिरले असतील आणि त्याने सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली असेल, तर माग काढत काढत पोलीस पुढच्या खात्यांपर्यंत पोचतात. तुमच्याकडे आलेले, समजा, 1,800 रुपये गोठवले जातात, कधी अख्खं खातंच. तक्रार परराज्यातली असेल तर खुलासेही तिथल्या पोलीस ठाण्याला पाठवत बसायचे. तोवर पगार त्याच खात्यात अडकलेला. कार्डावरून थेट परदेशात भरावेत, तर लॉटरी, स्वीपस्टेक्स असल्या गोष्टींसाठी बाहेर पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांत मनाई आहे.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी गणित जुळत नाही. समजा दोघांची स्पर्धा आहे, प्रत्येकी 50 रुपये, जिंकणाऱ्याला 90. मधले 10 चालवणाऱ्याचे. शंभर स्पर्धांत बरोबर निम्म्या जिंकलात तर 5,000 लावून 4,500 हातात येतात. नुसतं बरोबरीत राहायला शंभरातल्या 56 जिंकाव्या लागतात. लाखो लोकांच्या मोठ्या स्पर्धेत बक्षिसाचा मोठा वाटा वरच्या मोजक्या नंबरांना जातो आणि समोरचा एकटाच अनेक टीम लावून बसलेला असतो.

क्रिकेट कळणं आणि हा खेळ कळणं, दोन्ही वेगळं. अकरा खेळाडू, त्यांच्या ‘किमती’ भागवायला सहसा शंभर क्रेडिट, कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. म्हणजे 70 गुणांचा फलंदाज कर्णधार केला तर 140. ही निवड टॉसनंतरच नीट करता येते. इम्पॅक्ट प्लेअरचा (सामन्यात एक खेळाडू बदलून घेण्याचा) नियम 2023 मध्ये आल्यापासून आयपीएलमधले कप्तान संघाची यादीही टॉस झाल्यावर देतात. टॉस सातला, सामना साडेसातला. त्या अर्ध्या तासात तुम्ही घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलच्या गर्दीत असता, आणि ज्याच्याशी पैज आहे तो घरी लॅपटॉपसमोर टीम बदलत असतो.

कराचं थोडक्यात: तुमच्या पगारावर नव्या करप्रणालीत बहुधा शून्य कर बसत असेल. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ कमाईवर मात्र 30 टक्के आणि उपकर धरून 31.2 टक्के, पहिल्या रुपयापासून. त्यावर सवलत नाही, आणि तोटा झाला तर तो पगारातून वजा होत नाही, की पुढच्या वर्षी नेता येत नाही.

आता कार्डाकडे या. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर 38,000 वर 1,330, त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 1,569 रुपये. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे 1,900, भरत असाल तर मुद्दल जेमतेम 331 ने कमी होतं. हे 3,000 त्यात घाला आणि दरमहा 4,900 तेवढेच ठेवा. कार्ड नव्याने वापरलं नाहीत तर दहाव्या महिन्यात थकबाकी संपते. बाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, तेव्हा किराणा, रिचार्ज सगळं डेबिट कार्डावर किंवा यूपीआयवर न्या. बँक थकबाकीचे हप्ते करून देते का, तेही विचारा; दर बराच खाली येऊ शकतो, मात्र प्रक्रिया शुल्क पाहून मगच हो म्हणा. 25,000 ची बचत मोडू नका, अडीअडचणीला तेवढेच आहेत.

टीम लावायची हौस असेल तर फुकटच्या स्पर्धा खेळा. वीस सामने वहीत मांडा: टीम, कर्णधार, किती जणांत कितवा नंबर. वरच्या निम्म्यात किती वेळा आलात ते मोजा.

आणि त्या लिंकवर आधीच पैसे भरले असतील, तर आणखी भरू नका. ‘रक्कम काढायला आधी 2,000 कर भरा’ असा मेसेज आला तर ती सरळ फसवणूक समजा. व्यवहारांचे यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते ते) आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि 1930 वर फोन करा.