पळा, पण पायाखाली बघून

मृग लागला की कोल्हापुरात रंकाळा तलावावरची पहाटेची गर्दी रोडावते आणि माझ्याकडे येणारे प्रश्न वाढतात. चार महिने पळणं बंद ठेवायचं आणि दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हे मला पटत नाही. पळणारा माणूस पावसामुळे सहसा जायबंदी होत नाही. तो घसरून पडतो, साचलेल्या पाण्यातून आजार घेऊन येतो, नाहीतर ओल्या बुटांनी पाय खराब करून घेतो. या वेळचे प्रश्नही त्याच वळणाचे आहेत.

प्रश्न : मी रोज पाच किलोमीटर पळते. पाऊस सुरू झाला की सासूबाई म्हणतात, भिजून ताप काढशील. रेनकोट घालून पळू का? (राजारामपुरी)

उत्तर : सर्दी-ताप विषाणूंमुळे येतो, भिजल्यामुळे नाही. पळताना शरीरात भरपूर उष्णता तयार होते, त्यामुळे आपल्याकडच्या पावसात पळता पळता गारठायची वेळ सहसा येत नाही. हुडहुडी भरते ती थांबल्यावर. ओल्या कपड्यांतच कोपऱ्यावर चहा घेत अर्धा तास गप्पा मारल्या की अंग काकडतं. तेव्हा सासूबाईंची काळजी खोटी नाही, फक्त ती पळून झाल्यानंतर करायची. घरी आल्या आल्या कपडे बदला, केस कोरडे करा, मग चहा.

रेनकोट नको. आत घाम कोंडतो आणि शेवटी भिजायचं ते भिजताच. अंगासरशी बसणारे पॉलिस्टरचे कपडे घाला. सुती टी-शर्ट पाणी धरून जड होतो आणि काखेत, मांड्यांत घासून कातडी सोलवटते. अशा जागी निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेली चोळा. पुढे झाप असलेली टोपी घातली तर डोळ्यांत पाणी जात नाही. कपड्यांचा रंग भडक हवा, कारण पावसात काच पुसत येणाऱ्या गाडीवाल्याला तुम्ही उशिरा दिसता. दमा असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा आणि पंप खिशात ठेवा.

प्रश्न : बूट दोन-दोन दिवस वाळत नाहीत. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात. काय करू? (कसबा बावडा)

उत्तर : चुलीजवळ, हिटरसमोर किंवा गॅसच्या शेगडीशेजारी बूट वाळवू नका. उष्णतेने सोलचा डिंक सुटतो आणि तळव्याखालचा फोम कडक होतो. नाडी पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, इनसोल काढून वेगळा ठेवा. मग जुन्या वर्तमानपत्राचे सैलसर बोळे करून पार टाचेपासून बोटांपर्यंत कोंबा. तासाभराने ते काढले की हाताला ओलेगच्च लागतात, तेव्हा दुसरे कोरडे बोळे घाला. ही दुसरी फेरी बरेच जण गाळतात आणि मग बूट वाळत नाही म्हणतात. रात्री पंख्याखाली आडवे ठेवा. जमलं तर दुसरा जोड घ्या आणि आलटून पालटून वापरा. महागाचा एक घेण्यापेक्षा पावसाळ्यात साधे दोन बरे.

चिखल्या म्हणजे बहुतेक वेळा बुरशी. पाय धुतल्यावर प्रत्येक बेचका वेगळा पुसा आणि घरात काही वेळ अनवाणी राहून हवा लागू द्या. मोजे रोज धुतलेले हवेत. औषधाच्या दुकानातून मनाने मलम आणू नका. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं. खाज लगेच थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते. कातडी चिरली असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि भरेपर्यंत पाण्यातून पळू नका. का, ते पुढे सांगतो.

प्रश्न : रंकाळ्याच्या काठाने पळताना दोनदा घसरलो. रविवारी मित्रांबरोबर पन्हाळा चढायचा बेत आहे. जावं का? (मंगळवार पेठ)

उत्तर : काठाच्या दगडांवर आणि झाडांखालच्या पेव्हिंग ब्लॉकवर पावसाळ्यात शेवाळ धरतं. चालणाऱ्याला ते चालून जातं, पळणाऱ्याला नाही. खडबडीत डांबर सगळ्यात भरवशाचं. मात्र डांबरावरही झेब्रा क्रॉसिंगचे आणि गतिरोधकांचे रंगाचे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि ओला पाचोळा टाळा. बऱ्याच उघडिपीनंतर सर आली तर सुरुवातीला जास्त जपा, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ भिजून तेव्हाच निसरडं होतं. पावलं आखूड टाका, पाय शरीराच्या खाली पडू द्या, वळणावर वेग कमी करा. घड्याळातला वेग त्या दिवशी विसरा. विद्यापीठाच्या आवारातले रस्ते मला यासाठी आवडतात.

पन्हाळा वीसेक किलोमीटर आहे. चढ पळायला हरकत नाही, अडचण उताराची आहे. वाघबीळच्या पुढे धुकं उतरलं की समोरून येणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि थकलेल्या पायांनी ओल्या उतारावर ब्रेक लागत नाही. म्हणून वर पळत जा आणि खाली गाडीने या. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरची वाहनं दिसतील असे पळा. झड लागलेली असेल तर बेत रद्द करा. २०२१ च्या जुलैत गडाचा रस्ता खचून वाहतूक बंद पडली होती, ते आठवतच असेल.

प्रश्न : पूर ओसरल्यावर रस्त्यावर घोटाभर पाणी असतं. तेवढ्यातून पळालं तर काय होतं? (शाहूपुरी)

उत्तर : पळू नका. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आपल्याकडे पोरासोरांना पाठ असतं. पाणी उतरलं की भीतीही उतरते, आणि चूक तिथेच होते. त्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं. उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायावरच्या बारीकशा चिरेतूनही आत शिरतात. चिखल्यांबद्दल वर बजावलं ते यासाठी. शिवाय पाण्याखालचं उघडं चेंबर दिसत नाही.

एक गोष्ट पळणाऱ्यांनी खास लक्षात ठेवावी. लेप्टोत तापाबरोबर पोटऱ्या जबर दुखतात, आणि आपण समजतो की पळण्याने दुखताहेत. पुराच्या पाण्यात पाय घातल्यानंतर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पाण्यात उतरलो होतो हे आपणहून सांगा. वेळेत औषध मिळालं तर हा आजार बरा होतो, अंगावर काढला तर मूत्रपिंड आणि यकृतावर जातो.

प्रश्न : विजा चमकत असताना झाडाखाली थांबावं की पळत घर गाठावं? (कळंबा)

उत्तर : झाडाखाली कधीच नाही. पक्की इमारत किंवा बंद चारचाकी, एवढेच आसरे खरे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा लगेच आत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आपल्याकडे आषाढातल्या संततधारेत विजा कमी असतात. भीती वळवाची आणि परतीच्या पावसाची. त्या दिवसांत संध्याकाळऐवजी पहाटे पळा. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप मोबाइलवर घेऊन ठेवा.

प्रश्न : सर, पोलीस भरतीची तयारी करतोय. गावच्या मैदानात नुसता चिखल आहे, बूट रुतत्यात, म्हणून अनवाणी पळतोय. चालंल का? (करवीर तालुका)

उत्तर : नाही चालणार, बाळा. चिखलात काच, काटा, तार काही दिसत नाही, आणि एक जखम झाली तर महिन्याची तयारी जाते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंस ते घरी विचार.

तुला १६०० मीटर पळायचं आहे, ते डांबरी रस्त्यावर कर. वर्दळ नसलेला गावाबाहेरचा तुकडा निवड आणि उजाडल्यावर जा. १०० मीटरचा जोर मात्र चिखलात अजिबात लावू नको. मागचा पाय सरकतो आणि मांडीचा मागचा स्नायू ताणला जातो. अशी दुखणी घेऊन भरतीची पोरं दर पावसाळ्यात येतात. त्याऐवजी एखादा डांबरी चढ शोध आणि आठवड्यातून दोनदा तो जोरात चढून हळू चालत उतर. धो धो पाऊस असेल त्या दिवशी तालमीत जा. जोर, बैठका आणि दोरीवरच्या उड्या यांनी पायात जी ताकद येते ती १०० मीटरला उपयोगी पडते. मैदान वाळलं की पहिले काही दिवस पाऊण वेगाने पळ, मग वेळ लाव.