बंपरला विनाइल चढवू का?

प्रश्न : काका, आजोबांनी १९७१ साली घेतलेली फियाट ११०० आमच्याकडे अजून आहे. पुण्यात सहकारनगरच्या घरी शेडमध्ये असते, इंजिन ठणठणीत. क्रोमने मात्र मान टाकली आहे. पुढच्या बंपरला खालून गंजाचे फोड आलेत, मागच्यावर नुसते तांबडे ठिपके आहेत. दरवाज्याच्या मुठींवर पुरळ उठल्यासारखं दिसतं आणि बाजूच्या पट्ट्या निस्तेज झाल्यात. नव्याने क्रोम चढवून देणाऱ्या प्लेटिंगवाल्याचा आकडा ऐकून बाबा गप्पच झाले. रॅपिंगवाला म्हणतो, आरशासारखं क्रोम विनाइल येतं, म्हणजे चिकटवायची प्लास्टिकची फिल्म, दोन दिवसांत सगळं चढवून देतो. मार्गशीर्षात ताईचं लग्न आहे, पाठवणी याच गाडीतून करायची आहे. काय करू?

उत्तर : माझी भोसरीत प्लेटिंगची टाकी होती, तेव्हा मी विनाइलला नावं ठेवणार असं तुम्ही धरून चालला असाल. टाकी बंद केली, आता कुणाची बाजू घ्यायचं कारण उरलं नाही. पण ‘दोन दिवसांत सगळं’ हे ऐकलं की माझे कान अजून टवकारतात.

बंपरवरचा क्रोमचा थर किती जाड असतो असं वाटतं तुम्हाला? पाव ते अर्धा मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चमक असते खालच्या निकेलची. क्रोम त्याला पिवळं पडू देत नाही आणि चरे सोसतो, एवढंच त्याचं काम. म्हणजे झाकायला तिथे काहीच नाही. खालच्या पत्र्यात खड्डा असेल तर तो क्रोममधून दिसतो आणि विनाइलमधूनही दिसतो. विनाइल जेमतेम एक दशांश मिलिमीटरचं, त्यात आरशासारखं. आरसा खड्डा झाकत नाही, दाखवतो.

बाबा ज्या आकड्याला घाबरले, त्यातला मोठा भाग क्रोमचा नाहीच. जुना थर ॲसिडमध्ये उतरवायचा, गंज खरवडायचा, तांबं चढवून बफ करायचं, खड्डा राहिला तर पुन्हा तांबं, पुन्हा बफ, मग निकेल, आणि शेवटी काही मिनिटांचं क्रोम. त्यावर सांडपाण्याचा खर्च. टाकीतलं ते केशरी पाणी भयंकर विषारी. आमच्या एका जुन्या कारागिराच्या नाकाच्या पडद्याला त्या वाफेने भोक पडलं होतं. त्यामुळे कुणी स्वस्तात नि झटपट प्लेटिंग करून देतो म्हणाला, तर यातलं काय गाळलं ते विचारा.

विनाइलची एक गोष्ट मात्र प्लेटिंगला जमत नाही. प्लेटिंगखाली पुट्टी चालत नाही, कारण पुट्टीतून वीज जात नाही आणि तिच्यावर धातू बसत नाही. विनाइलखाली पुट्टी भरा, प्रायमर मारा, बारीक पेपरने घासून गुळगुळीत करा, खुशाल चालतं. पण हे सगळं नीट करायचं आणि वाळू द्यायचं तर दोन दिवस कुठले पुरतात?

फोडांवरच विनाइल ताणलं तर काय होतं, ते मी स्वतःच्या हाताने करून पाहिलंय. साडूंच्या अँबॅसडरचा बंपर. मे महिन्यात चढवला, सगळे वाहवा म्हणाले. गणपतीत बोल्टच्या भोकापाशी कडा उचललेली दिसली. ओढली तर आत पाणी, आणि पत्र्यावर हळद सांडावी तशी तांबडी भुकटी. उघडा गंज निदान डोळ्यांना दिसतो. साडूंनी मला अजून ते विसरू दिलेलं नाही.

आता तुमच्या गाडीचं. मागच्या बंपरला प्लेटिंग नको, विनाइलही नको. चॉकलेटच्या वेष्टनातली चांदी म्हणजे ॲल्युमिनियमची फॉइल घ्या, पाण्यात बुडवून ठिपक्यांवर हलक्या हाताने चोळा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत आणि ठिपके निघतात. मग पुसून मेण लावा.

पट्ट्या काढून त्यांना चुंबक लावून बघा. चिकटला नाही तर पट्टी ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेसची असू शकते, मग नुसत्या बफिंगने ती उजळेल. चिकटला आणि क्रोम उडालेलं असेल, तर विनाइल करायचं ते इथे. सरळ, अरुंद काम, कडा मागे दुमडता येते.

मुठी बहुधा जस्ताच्या ओतकामाच्या असतील. पुरळ आतून आलेलं असतं. बफ करायला गेलं की भोकं उघडी पडतात. विनाइल तिथे बोटांच्या नि अंगठ्यांच्या घासाने टिकणार नाही. एक मूठ खिशात घालून रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात जा. जुळणारी मिळाली तर नशीब, नाही तर आहे ती राहू दे. पन्नाशी उलटलेल्या गाडीच्या अंगावर एवढं शोभतं.

पुढचा बंपर प्लेटिंगलाच द्या, त्यावरच्या उभ्या शिंगांसकट. त्या गोलाव्यावर क्रोम विनाइल ताणलं की ढगाळ पडतं, आणि न ताणता बसवायचं तर मधोमध सांधा येतो. बाबांना सांगा, एका बंपरचा आकडा विचारून या, सगळ्या गाडीचा नको. प्लेटिंगवाला मार्गशीर्षापर्यंत देईना, तर फोड घासून, गंजरोधक प्रायमर मारून विनाइल चढवा, ताईला सासरी पाठवा, आणि पावसाळ्याआधी आठवणीने काढा. गरम हवा दिली की सुटतं. तोवर धातूचं पॉलिश त्यावर फिरवू नका, आणि सर्व्हिसिंगवाल्याला फवारा कडांवर मारू देऊ नका.

प्रश्न : येझदीच्या दोन्ही सायलेन्सरना क्रोम विनाइल लावलं तर चालेल का? कोथरूडहून रोज डेक्कनला जातो.

उत्तर : नळ स्टॉपच्या सिग्नललाच वास येईल.