लव्हाळा-हरळी काढून काढून थकलो, तरी परत येतंच

प्रश्न: ताई, भाजीच्या वाफ्यात लव्हाळा आणि हरळी इतकी माजलीय की मिरची-वांग्याची रोपं शोधावी लागतात. रोटाव्हेटर फिरवला तर थोड्याच दिवसांत आधीपेक्षा दाट उगवलं, काळं प्लास्टिक अंथरलं तर लव्हाळा ते भोसकून वर आला. आता तणनाशक मारू की वाफाच सोडून देऊ?

उत्तर: वाफा अजिबात सोडू नका. आणि रोटाव्हेटर आधी बंद करा, कारण दाट होण्याचं कारण तोच आहे. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली एकीला एक जोडलेल्या असतात, पुढची फुटलेली असली की ती मागच्या बऱ्याच गाठींना दाबून ठेवते, त्या नुसत्या पडून राहतात. यंत्राने ही माळ तोडली की पडून राहिलेल्या गाठीही फुटायला लागतात. हरळीचं तर काय, एक पेर मातीत राहिलं तरी नवीन झाड तयार.

दोघींना एकच उपाय लागत नाही हे मात्र लक्षात घ्या. हरळी उन्हाने मरते, म्हणून कोरड्या दिवसांत दात्यांच्या अवजाराने खणा (फावड्याने नको, त्याने तुकडे होतात), मुळ्या हाताने ओढून बाहेर काढा आणि वाळून कडक होईपर्यंत उन्हात पसरून ठेवा. बाजूने परत शिरते, त्यामुळे वाफ्याच्या कडेने वीतभर खोल चर ठेवा आणि त्यात डोकावणारे धावरे (हरळीच्या आडव्या पसरणाऱ्या फांद्या) छाटत राहा. एवढं नीट केलं तर हरळी आटोक्यात येते.

लव्हाळा चिवट. नुसता उपटला तर पात हातात येते आणि गाठ खालीच राहते, बहुतेक गाठी वरच्या १५-२० सेंमी मातीत असतात पण काही त्याच्याही खाली जातात, म्हणजे एकदा खणून सगळ्या निघतील ही आशा सोडा. त्याला उपाशी मारायचं. पात वर आली की ती अन्न बनवून खाली पाठवते आणि साधारण तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात, त्याच्या आत, म्हणजे दर १०-१५ दिवसांनी, पात जमिनीलगत किंवा थोडी मातीखालून कापायची, एकही खाडा न करता. मध्ये महिनाभर सोडलंत तर सगळी मेहनत गेली. एक हंगाम तरी हे करावं लागतं, बऱ्याचदा दोन.

ह्याची खरी कमजोरी म्हणजे सावली, ती त्याला सोसत नाही. म्हणून त्या जागी गाजर-कांद्यासारखं विरळ पानांचं काही लावू नका, भोपळा किंवा चवळी दाट लावा, आणि वेल पसरेपर्यंत कापणी चालूच ठेवा. बटाटा, रताळी तर नकोच, लव्हाळ्याचं टोकदार कोंब त्यांच्या आरपार जातं. पातळ प्लास्टिक त्याच टोकाने फुटतं, विणलेली जाड वीड मॅट (तण रोखायला अंथरायचं कापड) त्यापेक्षा बरी.

तणनाशकाबद्दल: ग्लायफोसेट हिरव्या पानातून आत जातं, मातीत पडून काम करत नाही, आणि भाजीच्या पानावर उडालं तर भाजीही जाते. उभ्या पिकात त्याचा विचारच करू नका. रिकाम्या वाफ्यातसुद्धा न फुटलेल्या गाठी त्यातून वाचतात, म्हणजे नंतर कापणी आहेच, मग मी तरी सुरुवातच कापणीने करा म्हणेन.

प्रश्न: काढलेलं तण कंपोस्टात टाकलं तर चालेल का?

उत्तर: कडकडीत वाळलेली हरळी चालेल. लव्हाळ्याच्या गाठी नको, घरच्या ढिगात सगळीकडे सारखी उष्णता होत नाही, कडेच्या गाठी जिवंत राहतात आणि खताबरोबर परत वाफ्यात येतात. बाहेरून आणलेली माती, खत आणि रोपांच्या पिशव्याही लावण्याआधी उकरून बघा, शेंगदाण्याएवढ्या काळपट गाठी दिसल्या तर आधी वेचून काढा.