विहीर, शिलाई मशीन की रोख पैसे? थेट मदतीबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. न्यू जर्सीत राहून आफ्रिकेतल्या एखाद्या गावात विहिरीसारख्या ठरावीक कामाला थेट पैसे कसे द्यायचे, आणि आपल्या गावाकडच्या संस्थेलाही देता येतील का. मोठ्या संस्थांच्या ऑफिसातच पैसा मुरतो, ही तुमची शंका रास्त आहे. पण बरीच वर्षं अशा कामांना पैसे देत आल्यावर मी ऑफिसखर्चाच्या टक्केवारीआधी दुसरंच पाहते: त्या पैशाचं काय करायचं, हे कोण ठरवतंय?

प्लेपंपचं काय झालं पाहा. मुलं चक्रावर गोल गोल खेळणार आणि त्या जोरावर जमिनीतलं पाणी टाकीत चढणार, अशी ही दक्षिण आफ्रिकेतली कल्पना. फोटोत ती कुणालाही आवडावी अशीच होती. २००६ मध्ये अमेरिकी सरकार आणि खासगी दात्यांनी मिळून त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर केले. पुढे मोझांबिकमध्ये पाहणी झाली, तेव्हा मुलं नसताना बायकाच ते जड चक्र हातांनी ढकलत होत्या. बिघडलं तर दुरुस्तीला माणूस मिळत नव्हता. काही ठिकाणी तर चालू हातपंप काढून हे बसवलं होतं, आणि गावाला आधी नीट विचारलंही नव्हतं. म्हणून विहिरीला पैसे द्यायचेच असतील तर संस्थेला एवढंच विचारा: तीन वर्षांनी पंप बंद पडला तर दुरुस्त कोण करणार आणि सुटे भाग कुठून येणार? गोलमोल उत्तर आलं तर पैसे देऊ नका.

किवा ही गरजूंना छोटी कर्जं द्यायची वेबसाइट (२००५ पासून) वेगळ्या धर्तीवर चालते. २५ डॉलरपासून कर्ज देता येतं, समोर शिलाई मशीनवाल्या बाईचा फोटो असतो. पण डेव्हिड रूडमन या अर्थतज्ज्ञाने २००९ मध्ये दाखवून दिलं की बहुतेक वेळा तिथल्या भागीदार संस्थेने ते कर्ज आधीच दिलेलं असतं. आपले पैसे त्या संस्थेची तिजोरी पुन्हा भरतात. यात मला गैर वाटत नाही, त्या बाईने आपल्या क्लिकची वाट का पाहावी? फक्त आपल्याला व्याज मिळत नसलं तरी तिच्याकडून ती संस्था बहुधा घेते, तो आकडा पाहूनच पुढे जा.

माझी पहिली पसंती मात्र गिव्हडायरेक्टलीला, म्हणजे गरीब घरांना थेट रोख पैसे देणाऱ्या संस्थेला. केनियात व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या सियाया भागात त्यांनी सुरुवातीला घरं निवडली ती छप्पर पाहून: गवताचं की पत्र्याचं? गवताच्या घरांना सुमारे १००० डॉलर, एम-पेसा या तिथल्या मोबाइल-पैसे सेवेने थेट मोबाइलवर. बाजारातल्या एजंटाच्या दुकानात जायचं, रोख घ्यायची. अट कसलीच नाही. बऱ्याच जणांनी आधी पत्रे घातले. बाहेरच्या माणसाला हा खर्च वायफळ वाटेल, पण गवताचं छप्पर वरचेवर शाकारावं लागतं आणि त्यात दरवेळी पैसे जातात. कोकणातल्या कुठल्याही आजीला हे सांगावं लागणार नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला आढळला नाही. ६५३ गावांच्या दुसऱ्या अभ्यासात (२०२२) तर दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या भागातली उलाढाल सुमारे अडीच डॉलरने वाढली, भाव मात्र जेमतेम वाढले; म्हणजे पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचाही फायदा झाला. गैरप्रकार इथेही झालेत. पूर्व काँगोत २०२२ मध्ये सुमारे ९ लाख डॉलर लुबाडले गेले आणि त्यात संस्थेचेच काही कर्मचारी सामील होते. पण हे संस्थेने स्वतः जाहीर केलं, म्हणून माझा विश्वास टिकला.

आता गावाकडचं. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असूनही ती विदेशीच ठरते. मग संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच जमा व्हायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीपासून असे पैसे एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाहीत, तेव्हा "मुंबईच्या ट्रस्टला द्या, आम्ही तिकडून घेऊ" असं कुणी म्हणालं तर सरळ नकार द्या. भावाच्या खात्यातून त्याच्या नावाने देण्याचा आडमार्गही नको; निस्तरावं लागतं ते संस्थेला.

नोंदणी नीट असेल तर कृपा करून "फक्त वह्या-पुस्तकांसाठी" अशी अट घालू नका. विदेशी देणगीतला प्रशासकीय खर्च कायद्यानेच २० टक्क्यांवर रोखलाय, आणि वह्यांना दाते सहज मिळतात. वस्तीवर जाणाऱ्या ताईचा पगार आणि तिच्या स्कूटीचं पेट्रोल यांना मिळत नाहीत.