झोळ, वाक आणि सुताराचं सूत

कोथरूडच्या एका बाईंनी विचारलंय : मुलगी सिव्हिल डिप्लोमाला आहे, तिच्या टिपणांत 'बेंडिंग'ला 'नमन' आणि 'डिफ्लेक्शन'ला 'विचलन' लिहिलंय. दोन्ही म्हणजे वाकणंच ना, मग दोन शब्द कशाला? आणि 'सिंपली सपोर्टेड बीम'ला मराठीत काय म्हणायचं?

आधी ते 'विचलन' खोडा. संख्याशास्त्रात 'प्रमाण विचलन' आहे, तिथे तो शब्द सुखाने नांदतोय. माणसाचं मन विचलित होतं. तुळईला झोळ येतो. वाळत घातलेल्या दोरीला येतो, मांडवाच्या कापडाला येतो, पुस्तकांच्या फळीला येतो, तोच झोळ. पेठेतल्या कुठल्याही सुताराच्या तोंडी असलेला दोन अक्षरांचा शब्द बाजूला सारून मुलांना 'विचलन' घोकायला लावतात, याचा मला मनापासून राग येतो.

आणि नाही, दोन्ही एक नव्हेत. भाराने फळी वाकते तो वाक, म्हणजे 'बेंडिंग'; ती जितकी खाली जाते तो झोळ. टोकं नुसती टेकलेली आणि सगळीकडे सारखा भार असलेली फळी घ्या. मधोमध तिला वाकवणारं परिबल (वाकवण्याचा जोर, इंग्रजीत 'मोमेंट') म्हणजे दर मीटरचा भार गुणिले गाळ्याचा, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराचा, वर्ग, भागिले ८. मधला झोळ मात्र गाळ्याच्या चौथ्या घाताने वाढतो : भार गुणिले तो चौथा घात, भागिले ई-आय, आणि या सगळ्याला ५ भागिले ३८४ने गुणायचं. ई म्हणजे लाकडाचा ताठरपणा, आय फळीच्या रुंदी-जाडीतून येतो. आमच्या घरची फळी १९ मिलिमीटर जाड, ३०० रुंद, प्लायवूडची. मीटरला २५ किलो पुस्तकं आणि ई ६००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरली, तर ९०० मिलिमीटर गाळ्याला झोळ येतो सुमारे २ मिलिमीटर. गाळा १२०० केला की साडेसहा! परिबल पावणेदोन पट झालं, झोळ तिपटीहून जास्त. फळी मोडेल का ते परिबलावरून कळतं, डोळ्याला खुपेल का ते झोळावरून.

हे साडेसहा मिलिमीटर सुतार कसे सांगतो? त्याने फळीच्या दोन्ही टोकांशी खिळे मारले, दोरा ताणून बांधला, मधल्या फटीत पट्टी उभी धरली आणि म्हणाला, "दोन सूत झोळ हाय, काका." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला जरासा कमी. दोन सूत, म्हणजे आमचं गणित बरोबर.

आता खरी गंमत. सुतार हा शब्द 'सूत्रधार'वरून आलाय. गुजरातीत तो अजून 'सुथार' आहे, 'धा'मधला हकार त्यांनी 'थ'मध्ये जपलाय, आपण गिळला. म्हणजे नांदीनंतर रंगमंचावर येतो तो सूत्रधार आणि रंधा मारतो तो सुतार, एकाच शब्दाची दोन रूपं. जर्मन पंडित पिशेल यांनी १९०० साली मांडलं की नाटकातला सूत्रधार म्हणजे मुळात कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या ओढणारा. अजून लोक ते छातीठोकपणे सांगतात. मला ते साफ अमान्य आहे. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय उघडा : नाट्यमंडप आखायला पुष्य नक्षत्रावर पांढरं सूत्र धरायचं, ते कापसाचं, मुंज गवताचं किंवा वल्कलाचं, आणि ते मधोमध तुटलं तर स्वामीचं मरण नक्की. ज्या ग्रंथाला मोजमापाच्या दोऱ्याची एवढी धास्ती, त्याच्या सूत्रधाराचं मूळ बाहुलीच्या दोरीत शोधायचं? आधी मंडप आखणारा, मग प्रयोग चालवणारा, हाच क्रम मला पटतो. 'सुतासारखा सरळ' यातलं सूतही माझ्या मते चरख्यावरचं नाही, सुताराच्या हातात ताणलेलं आहे. चरख्यावरच्या सुताला कसला आलाय सरळपणा!

आणि गणितातलं 'सूत्र'ही तेच. एकच झोळ मी सूत्राने काढला, त्याने सुताने मोजला.

राहिला बीम. तुळई म्हणा, ती 'तुला'वरून आली. तुला म्हणजे फक्त तराजू नव्हे, वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घराच्या बांधणीतलं आडवं लाकूडही तुलाच आहे. आणि सिंपली सपोर्टेडला 'टेकती तुळई' म्हणावं. 'साधी आधारित' म्हटल्यावर टोकांचं काय झालंय ते कळतच नाही. टेकलेलं टोक भार आला की जरासं फिरतं. तीच फळी दोन्हीकडे भिंतीत गच्च रोवली की टोकं फिरत नाहीत, सूत्रातला ५ जाऊन तिथे १ येतो, आणि आमचा दोन सूत झोळ अर्ध्या सुताच्याही आत येतो.