पाढे तोंडपाठ, मग विभाजक का निघत नाहीत?

"मॅडम, तीसपर्यंत पाढे घडाघडा म्हणतंय लेकरू. विभाजक काढ म्हणलं की गप बसतंय. डोक्यात काही कमी हाय का त्याच्या?"

शिष्यवृत्तीचा, नवोदयचा अभ्यास सुरू झाला की जालन्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न येतोच. विभाजक म्हणजे दिलेल्या संख्येला ज्यांनी पूर्ण भाग जातो त्या संख्या. कधी आई विचारते, कधी आजोबा. लेकरू शेजारी मान खाली घालून बसलेलं असतं आणि आपल्या डोक्याबद्दलची चर्चा ऐकत असतं. सगळ्यांना मिळून उत्तर म्हणून एका मुलाची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. त्याला आपण दादू म्हणू.

दादू पाचवीत होता. वडिलांची अंबड तालुक्यात मोसंबीची बाग. पहिल्या भेटीत आईच बोलली. मी फक्त वही मागून घेतली. पानावर ४८ लिहिलेलं आणि त्याखाली १, २, ४, ६, ८, १२, २४, ४८. तीन आणि सोळा राहिले होते. पण माझं लक्ष गेलं ते कागदाकडे. खोडरबर घासून घासून एका जागी भोक पडलं होतं. समासात भागाकार होते, बारीक अक्षरात, एकाखाली एक: ४८ भागिले २७, ४८ भागिले २९, ४८ भागिले ३१.

"एकतीसनं का रे भागलंस?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "राहिला असला तर?"

मी इतकी वर्षं मुलांसोबत बसते आहे, पण गणिताच्या भीतीचं असं नेमकं वर्णन क्वचितच ऐकलं होतं. त्या मुलाला भागाकार येत होता, पाढे येत होते. शोध कुठे थांबवायचा, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ४८ ला एकूण विभाजक किती, या प्रश्नात दहापैकी नऊ सापडले तरी उत्तर चूकच. शिष्यवृत्तीच्या पेपरात दीड तासात ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यात हा एकतीसपर्यंत भागत जाणार. पुढचे प्रश्न कोरे राहायचे आणि घरी ऐकू यायचं, "नीट बघत नाहीस."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझं काम उभं आहे. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दल माणूस स्वतःशी जे बोलतो ते त्याला जास्त छळतं, असं ते मानत. दादूचं स्वतःशी बोलणं दोन शब्दांचं होतं: नक्की राहिलाय. हे वाक्य नुसतं समजावून जाणार नव्हतं. ते खोटं आहे हे त्याच्या हातांनी त्याला दिसायला हवं होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आम्ही गणिताला शिवलोच नाही. चौथ्या भेटीत टेबलावर २४ चिंचोके ओतले. सांगितलं, सारख्या ओळी लाव, एकही उरायला नको.

त्यानं आधी एकच लांब ओळ लावली. मग बाराच्या दोन, मग आठाच्या तीन. चार ओळी लावल्या, प्रत्येकीत सहा. मी उठले, त्याच्या डाव्या अंगाला जाऊन बसले आणि म्हणाले, "मला तर इथून चाराच्या सहा ओळी दिसतायत."

तोही माझ्या जागी येऊन बघून गेला. परत जाऊन पाच ओळी लावायला घेतल्या, चार चिंचोके उरले. ते त्यानं बाजूला सारले. मग सहा ओळी लावायला हात पुढे केला आणि हात तसाच थांबला.

"हे तर झालं," तो म्हणाला. "तिकडून."

मी गप्प राहिले. अशा वेळी मोठ्या माणसानं तोंड उघडलं की सगळं वाया जातं, हे मी फार उशिरा शिकले.

"आठ पण झालं. तिनाच्या टायमाला. बारा पण." तो बोटानं हवेत मोजत होता. "मग पुढं बघायचंच नाही?"

"तूच सांग."

"पुढचे सगळे तिकडून आलेच की." आणि मग, हळू आवाजात, "संपले."

मुठीत धरलेला खोडरबर त्यानं टेबलावर ठेवला. तो मुठीत आहे हे तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

त्या क्षणी मला जे उमगलं ते तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला सांगते. 'नीट बघ' हे वाक्य घरातून काढून टाका. कुठे बघायचं आणि कुठवर बघायचं, हे त्यातून लेकराला कळत नाही. आपण कमी पडतोय एवढंच कळतं. त्याऐवजी विचारा, "याचा जोडीदार कोण?"

४८ घ्या. एकाचा जोडीदार ४८, दोनाचा २४, तिनाचा १६, चाराचा १२. पाचानं भाग जात नाही. सहाचा जोडीदार आठ. सातानं जात नाही. आठ तर आधीच येऊन गेला, तिथे थांबायचं. पाच जोड्या, दहा विभाजक. जोड्या एकाखाली एक लिहायला लावा, म्हणजे डावीकडून चढणारे आणि उजवीकडून उतरणारे आकडे जवळ येताना लेकराला दिसतात. ३६ मध्ये सहाचा जोडीदार सहाच, म्हणून तिथे विभाजक नऊ.

पाढे पाठ असून अडतं कशामुळे, तेही सांगते. पाढ्यात सहा आणि आठ हातात असतात, अठ्ठेचाळीसकडे जायचं असतं. विभाजकात अठ्ठेचाळीस हातात असतात आणि उलटं यायचं असतं. ही उलटी वाट आपण कधी म्हणून घेत नाही. रोज जेवताना एक संख्या द्या आणि जोड्या विचारा. सोळा त्रिक, बारा चोक, सहा आठे, अशी तिन्ही वाटांनी पोरं अठ्ठेचाळीसवर येतात आणि त्यांना मजा वाटते.

मूळ संख्येपाशी भित्री मुलं सगळ्यात जास्त घाबरतात. ४७ ला एक आणि ४७ सोडून काही सापडत नाही, आणि मुलाला वाटतं, मलाच सापडत नाही. त्याला सांगा, सात साते एकोणपन्नास, ते ४७ च्या पुढे गेले. म्हणजे सहापर्यंत बघितलंस की काम झालं. काही न सापडणं हेच इथे उत्तर आहे.

एक गोष्ट मात्र टाळू नका. सात मोठे की नऊ हेच ठरवता येत नसेल, दुकानातून उरलेले पैसे घेताना सतत गोंधळ होत असेल, वर्षानुवर्षं शिकवूनही साधी बेरीज बोटांवरच अडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. दादूच्या बाबतीत असं काही नव्हतं. मी पाहते त्यातल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत नसतं.

शेवटच्या भेटीला वडील आले. मोसंबीचा माल मोंढ्यात टाकून थेट आले होते, शर्टाला वास होता. म्हणाले, "मी सातवी शिकलेला, मला कुठलं गणित?" मी विचारलं, "३६ रोपं सारख्या ओळीत लावायची तर?" पापणी लवायच्या आत ते म्हणाले, "सहाच्या सहा. जागा लांबट असंल तर नऊच्या चार." दादू त्यांच्याकडे बघतच राहिला.

मग मी दोघांपुढे ९१ ठेवले. या संख्येला भले भले फसतात.

"याला कोणीच नाही," वडील म्हणाले.

"थांबा पप्पा." दादूनं १ आणि ९१ लिहिले. दोन नाही. नऊ न् एक दहा, म्हणजे तीन नाही. चार, पाच, सहा नाही. सातापाशी तो जरा थांबला, ओठ हलले, तेरा साते एक्याण्णव. ७ आणि १३ लिहिले. आठ, नऊ तपासले आणि पेनाला टोपण लावलं.

"नीट बघ," वडील सवयीनं बोलून गेले. "राहिला असंल एखादा."

"नाही राहिला," दादू म्हणाला. "नऊपर्यंत बघितलं. दाही दाही तर शंभर होतात."