जुनी रेड वाइन उघडण्याआधी

2005 ची बोर्दो (फ्रान्सच्या बोर्दो भागातली रेड वाइन) हाती लागलीय, नशीबवान आहात! पण ती कपाटाच्या माथ्यावर उभी असेल तर आधी खाली काढा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि उष्णतेने वाइनची पार वाट लागते. तळघर इथे कुणाकडे असतं? 12-14 अंशांचा वाइन फ्रिज उत्तम. नसेल तर साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहील, आणि काही महिन्यांत पिऊन टाका.

- आदल्या दिवशी बाटली उभी करा, गाळ तळाशी बसतो.
- जुनं बूच भुसभुशीत असतं. घाई नको.
- बाटलीच्या मानेमागे मोबाइलचा टॉर्च धरून एका धारेत जगमध्ये ओता. गाळाची काळी रेघ मानेशी आली की थांबा.

नवशिके हमखास चुकतात ते पुढे. हवा लागावी म्हणून दोन-तीन तास उघडी ठेवतात. ते तरुण वाइनला ठीक, जुनीचा गंध तेवढ्यात उडून जातो. ओतलीत की प्या. आणि रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी म्हणतात, ते म्हणजे आपली 32 अंशांची खोली नव्हे, 16-18 अंश.

ग्लासात वाइनच्या कडेला विटकरी झाक, ओल्या पालापाचोळ्याचा वास आला तर बिघडली समजू नका, तेच तर हवंय. सोबत झणझणीत रस्सा मात्र नको, साधं भाजलेलं मटण पुरे. व्हिंटेजचे, म्हणजे कुठल्या सालची वाइन कशी याचे, तक्ते वगैरे पुढच्या बाटलीला बघू.